सर्व्हरमधल्या 'वेगळ्या बस': पिअर, ब्रिज्ड, सेगमेंट की डोमेन? नेमका शब्द कोणता?

मांजराकाठ (लातूर)

डिप्लोमाच्या पोरांसाठी सर्व्हर हार्डवेअरची मराठी टिपणं तयार करणं चालू आहे. बस म्हणजे कार्डं आणि प्रोसेसर-मेमरी यांच्यातली डेटा नेणारी वाट. एका शब्दावर गाडी अडली, म्हणून हा धागा.

लॅबमध्ये दोन मशीन आहेत. एक जुना, पीसीआय-एक्स (जुन्या पीसीआय बसचं वेगवान रूप) स्लॉटवाला. त्याच्या माहितीपत्रकात एका ठिकाणी 'पिअर बस' लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी त्यालाच 'सेगमेंट' म्हटलंय. दुसरा दोन सॉकेटचा (दोन प्रोसेसर बसणारा), पीसीआय एक्स्प्रेसवाला. त्याच्यावर एलएसपीसीआय (पीसीआय उपकरणांची यादी देणारी लिनक्सची आज्ञा) चालवलं की चाळीसच्या वर बस क्रमांक दाखवायलंय. मग चाळीस वेगळ्या बस आहेत असं समजायचं का? टिपणात मी तूर्त 'समांतर बस' असा शब्द टाकलाय. बरोबर आहे का?

---

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

दादा, 'समांतर बस' आधी खोडा. पोरं हमखास गोंधळतील. समांतर म्हणजे पॅरलल, आणि पॅरलल विरुद्ध सिरीयल हा निराळाच विषय आहे. जुनी पीसीआय ही समांतर बसच होती, ३२ किंवा ६४ बिट एकाच वेळी नेणारी. पीसीआय एक्स्प्रेस सिरीयल आहे. पिअरचा अर्थ 'बरोबरीची'. दोन बस एकाच पातळीवर आहेत, कोणी कोणाच्या हाताखाली नाही, एवढंच तो शब्द सांगतो.

खरी अडचण 'वेगळी' या शब्दात आहे. सर्व्हरमध्ये बस तीन निरनिराळ्या अर्थांनी वेगळी असते.

एक, विजेच्या दृष्टीने वेगळी. म्हणजे तारा वेगळ्या, घड्याळ वेगळं. एकीवर हळू कार्ड बसवलं तरी दुसरीचा वेग पडत नाही. जुन्या पुस्तिकांतला 'सेगमेंट' बहुतेक ठिकाणी हाच.

दोन, वाटेच्या दृष्टीने वेगळी. मेमरीपर्यंत जाताना मधला कोणताही दुवा दुसऱ्या बसबरोबर वाटून घ्यावा लागत नाही.

तीन, क्रमांकाच्या दृष्टीने वेगळी. ऑपरेटिंग सिस्टिमला ती स्वतःच्या होस्ट ब्रिजखाली (प्रोसेसर-मेमरीच्या बाजूला बस जोडणारा दुवा), झाडाचं स्वतंत्र मूळ म्हणून दिसते. तिला रूट बस म्हणतात.

पिअर बस हा शब्द आला तेव्हा दुसरा आणि तिसरा अर्थ बहुधा जोडीनेच असायचे. एका चिपसेटला दोन होस्ट ब्रिज, प्रत्येकाची पीसीआय बस निराळी. कॉम्पॅकच्या प्रोलायंट सर्व्हरांच्या जाहिरातीत 'ड्युअल-पिअर पीसीआय' असायचं ते हेच. पेंटियम टू झिऑनच्या काळातला इंटेलचा ४५०एनएक्स चिपसेट (१९९८) घ्या. त्याला पीएक्सबी नावाच्या दोन चिप लावता यायच्या. प्रत्येक पीएक्सबीमधून ३२ बिटच्या दोन बस किंवा ६४ बिटची एक. म्हणजे मशीनभर जास्तीत जास्त चार पिअर बस.

याच्या उलट ब्रिज्ड बस. एकच पीसीआय बस खाली येते, तिच्यावर पीसीआय-टू-पीसीआय ब्रिज बसवून पुढे दुसरी बस काढलेली असते. स्लॉट वाढतात, पण वरची वाट तीच राहते.

आपल्याकडच्या पोरांना जायकवाडीवरून पटकन कळेल. नाथसागरातून डावा कालवा निघतो आणि उजवाही, दोन्ही थेट धरणातून. ते पिअर. डाव्या कालव्याची वितरिका आणि तिच्यावरची चारी म्हणजे ब्रिज्ड. चाऱ्या कितीही काढा, मूळ कालव्यात असेल तेवढंच पाणी त्यांना मिळणार.

---

गोदातीर (नांदेड)

जुन्या मशीनचे आकडे टिपणात असू द्या, त्याशिवाय हा भेद का पडला ते समजत नाही.

पीसीआय १९९२ची. ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ म्हणजे १३३ एमबी प्रति सेकंद, तेही बसवरच्या सगळ्या कार्डांत मिळून. एक गिगाबिट नेटवर्क कार्ड दोन्ही दिशांनी भरलं तर २५० एमबी मागतं. म्हणजे एकटं कार्ड अख्खी बस खातं, रेड कार्डाला (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) काही उरत नाही. ६४ बिट, ६६ मेगाहर्ट्झला ५३३ एमबी. पीसीआय-एक्स १३३ला १०६६ एमबी. पण दोन चॅनलचं अल्ट्रा३२० स्कझी कार्ड (डिस्क जोडायचं) कागदावर ६४० एमबीचं आहे, म्हणजे ५३३च्या बसवर ते एकटं असलं तरी कमीच पडणार.

स्लॉट वाढवायचे तर विजेचा भार आडवा येतो. ३३ मेगाहर्ट्झला साधारण दहा भार चालतात. बोर्डावर सोल्डर केलेली चिप एक भार धरते, स्लॉट आणि त्यातलं कार्ड मिळून दोन. म्हणून एका बसवर चार-पाच स्लॉटच्या पुढे जाता येत नाही. ६६ला दोन स्लॉट. पीसीआय-एक्समध्ये ६६ला चार, १००ला दोन, १३३ला एकच. माहितीपत्रकात 'एक स्लॉट १३३ आणि दोन स्लॉट १००' असं दिसलं की ते किमान दोन सेगमेंट आहेत हे न सांगता कळतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती कार्डं मिसळण्यात. पीसीआय-एक्स सेगमेंटवर एक साधं पीसीआय कार्ड बसवलं तर अख्खा सेगमेंट साध्या पीसीआयवर उतरतो. ते कार्ड ३३चं असेल तर शेजारचं १३३चं रेड कार्डही ३३वर चालतं. बस ६४ बिटचीच राहिली तरी वर जास्तीत जास्त २६६ एमबी. मशीन चालू होतं, कुठे त्रुटी येत नाही, आणि बॅकअप मात्र रात्रभर संपत नाही. म्हणून जुनं सिरीयल पोर्टचं किंवा मोडेमचं कार्ड नेहमी ३३च्या वेगळ्या सेगमेंटवर. स्लॉटशेजारी बोर्डावर वेग छापलेला असतो, तो वाचूनच कार्ड बसवा.

खाचेकडेही बघा. पीसीआय-एक्सचा स्लॉट ३.३ व्होल्टचा असतो. फक्त ५ व्होल्टची खाच असलेलं कार्ड त्यात जात नाही आणि जोर करूही नये. दोन्ही खाचा असलेलं कार्ड चालतं.

---

दुधनातीर (परभणी)

खामकाठ यांची कालव्याची उपमा चांगली आहे, पण दोन ठिकाणी ती तोकडी पडते. टिपणात तेही लिहा.

पहिलं, चारीवर एखादा शेतकरी हळू पाणी घेतो म्हणून अख्खी चारी हळू होत नाही. समांतर पीसीआयमध्ये होते, कारण घड्याळ सगळ्यांचं एकच. गोदातीर यांनी वर सांगितलंय ते हेच.

दुसरं, पाणी एकाच दिशेने जातं. इथे डाव्या कालव्यावरच्या कार्डाला उजव्या कालव्यावरच्या कार्डाशी बोलायचं झालं तर परत धरणापर्यंत वर यावं लागतं. एकाच ब्रिजखालची दोन कार्डं मात्र खालच्या खाली बोलू शकतात. म्हणून 'पिअर म्हणजे नेहमी चांगलं' असं शिकवू नका. दोन जीपीयू एकमेकांशी सतत डेटा फिरवत असतील तर ते एकाच स्विचखाली (एका वाटेच्या अनेक वाटा करणारी चिप) असलेलेच बरे.

आणखी एक. खामकाठ यांचा दुसरा आणि तिसरा अर्थ पुढच्या काळात सुटे झाले. इंटेलचा ई७५०० (२००२) बघा. मुख्य चिपमधून हब इंटरफेस २.०च्या तीन जोडण्या, प्रत्येकी साधारण १ जीबी प्रति सेकंद. प्रत्येक जोडणीवर पी६४एच२ नावाची चिप आणि तिच्यातून पीसीआय-एक्सचे दोन सेगमेंट. आता एकाच पी६४एच२चे दोन सेगमेंट विजेच्या दृष्टीने वेगळे, पण वरची १ जीबीची वाट दोघांत एक. वेगवेगळ्या पी६४एच२वरच्या सेगमेंटच्या वाटा मात्र खरोखर वेगळ्या. आणि सॉफ्टवेअरला काय दिसतं? सगळं बस ०च्या खाली, ब्रिजमागे ब्रिज. एकच मूळ. तिथे फक्त मुळं मोजली तर उत्तर चुकतं.

---

मांजराकाठ (लातूर)

हे कोणत्याच पुस्तिकेत असं सरळ लिहिलेलं नाही. 'समांतर' खोडला. लॅबचा जुना सर्व्हर ई७५०० वालाच निघाला, त्यामुळे दुधनातीर यांचं उदाहरण जसंच्या तसं घेतो.

आता नव्या मशीनचं सांगा. चाळीस बस क्रमांक म्हणजे काय?

---

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

पीसीआय एक्स्प्रेसमध्ये वाटून घ्यायची बस उरलेलीच नाही. प्रत्येक जोडणी दोन टोकांमधली असते, तिला लिंक म्हणतात. पण जुनं सॉफ्टवेअर चालावं म्हणून प्रत्येक लिंकला एक बस क्रमांक दिला जातो. स्विचच्या पोटातल्या आभासी बसलाही क्रमांक मिळतो. रिकाम्या स्लॉटमागेही एक क्रमांक राखलेला असतो. म्हणून चाळीस. ती मोजदाद बँडविड्थची नाही, पत्त्यांची आहे.

लिनक्सवर एलएसपीसीआयला टी आणि व्ही हे दोन पर्याय एकत्र द्या, झाड दिसतं. रूप साधारण असं:

```
-+-[००००:८०]-+-०२.०-[८१]----००.०
 |           \-०३.०-[८२-८५]----००.०-[८३-८५]--+-०८.०-[८४]----००.०
 |                                            \-१०.०-[८५]----००.०
 \-[००००:००]-+-०१.०-[०१]----००.०
             \-०२.०-[०२]----००.०
```

अगदी डावीकडच्या कंसातले ००००:८० आणि ००००:०० हे दोन रूट बस, म्हणजे जुन्या भाषेत पिअर. ८१, ०१, ०२ हे रूट पोर्टमागचे क्रमांक. रूट पोर्ट म्हणजे लिंकचं मुळाकडचं टोक. रूट पोर्ट सॉफ्टवेअरला ब्रिज म्हणून दिसतो, पण त्याच्या मागची लिंक पूर्णपणे त्या एका कार्डाची असते. म्हणून ०१ आणि ०२ एकाच मुळाखाली असूनही त्यांच्या लेन (लिंकमधल्या डेटाच्या जोड-तारा) वेगळ्याच. ८२ ते ८५ ही भानगड स्विचची. ८४ आणि ८५वरची कार्डं वर जाताना ८२ची एकच लिंक वाटून घेतात. जुन्या ब्रिज्ड बसचा खरा वारसा हाच.

प्रत्येक ब्रिजमध्ये तीन आकडे लिहिलेले असतात. प्रायमरी म्हणजे वरची बस, सेकंडरी म्हणजे लगेच खालची, सबऑर्डिनेट म्हणजे त्याच्याखालचा सर्वांत मोठा क्रमांक. वरच्या झाडात ०३.० या पोर्टचे ते ८०, ८२, ८५. पोरांना हे तीन आकडे वाचता आले की झाड हाताने काढता येतं.

मुळं किती, ते प्रोसेसरवर. एएमडीच्या एका सॉकेटच्या इपिक मशीनवर ००, ४०, ८०, सी० अशी चार मुळं बऱ्याचदा दिसतात, पण पिढी आणि बोर्डाप्रमाणे बदलतात. इंटेलच्या स्कायलेक पिढीपासूनच्या (२०१७) सर्व्हर झिऑनमध्ये एकाच प्रोसेसरला अनेक मुळं, साधारणपणे एक्स१६च्या (सोळा लेनच्या) प्रत्येक गटाला एक. म्हणून दोन मुळं म्हणजे दोन सॉकेट हा आडाखा तिथे चालत नाही.

---

बालाघाट (बीड)

सेकंड-हँड सर्व्हर घेणाऱ्यांसाठी प्रत्यक्षातल्या गोष्टी लिहितो, कारण आपल्या भागात क्लासेस आणि छोट्या कार्यालयांत अशीच मशीन जास्त येतात.

इंटेलच्या नेहमीच्या दोन सॉकेटच्या सर्व्हरांत २०१२च्या झिऑन ई५-२६०० पासून पीसीआय एक्स्प्रेस प्रोसेसरच्या आत आली, सॉकेटला ४० लेन. त्यामुळे दोन सॉकेटच्या बोर्डावर एकच प्रोसेसर असेल तर दुसऱ्याचे स्लॉट मेलेले असतात. कार्ड खराब नसतं, बोर्डही खराब नसतो. रायझर (स्लॉट आडवे करणारं जोडकार्ड) किंवा बोर्डावर 'सीपीयू २' छापलेलं असतं, ते आधी वाचा. दुसरा प्रोसेसर टाकताना त्याच्या बाजूला रॅम आणि हीटसिंकही लागतो, तो खर्च धरूनच सौदा करा.

स्लॉटची लांबी म्हणजे लेन नव्हे. एक्स८चा दिसणारा स्लॉट आतून एक्स४ असू शकतो. आकडे असे धरा: पहिल्या पिढीत एका लेनला २५० एमबी, दुसरीत ५००, तिसरीत साधारण ९८५, चौथीत त्याच्या दुप्पट, सगळे प्रत्येक दिशेला. दोन पोर्टचं १० गिगाबिट कार्ड एका दिशेला २.५ जीबी मागतं. दुसऱ्या पिढीचं कार्ड एक्स४मध्ये बसवलं तर २ जीबीच मिळणार. एक पोर्ट तपासला तर वेग पूर्ण, दोन्ही एकदम तपासले की पडतो. माणूस केबल बदलत बसतो आणि दोष स्लॉटचा असतो.

काही स्लॉट प्रोसेसरला नसून चिपसेटला जोडलेले असतात. चिपसेट प्रोसेसरला डीएमआय नावाच्या चार लेनच्या वाटेने जोडलेला. डीएमआय २ला २ जीबी, डीएमआय ३ला सुमारे ३.९ जीबी. त्यातच साटा, यूएसबी आणि बऱ्याचदा बोर्डावरचं लॅन. रेड कार्ड तिथे टाकू नका.

बायफर्केशनबद्दल (एका स्लॉटच्या लेन अनेक भागांत फोडणं) थोडक्यात. चार एनव्हीएमई ड्राइव्ह (पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारे एसएसडी) बसणारं एक्स१६ कार्ड स्वतःचा स्विच नसलेलं असेल तर बायोसमध्ये तो स्लॉट ४-४-४-४ असा फोडावा लागतो. नाही फोडला तर एकच ड्राइव्ह दिसतो, उरलेले तीन दिसतच नाहीत.

नेटवर्क कार्ड कोणत्या प्रोसेसरचं ते बघायला लिनक्सवर त्या इंटरफेसच्या डिव्हाइस फोल्डरमधली नुमा_नोड ही फाईल वाचा. नोड म्हणजे एक प्रोसेसर आणि त्याच्याजवळची मेमरी. ० किंवा १ येतं. −१ आलं तर फर्मवेअरने सांगितलेलं नाही, किंवा मशीनच एका नोडचं आहे. विंडोज सर्व्हरवर पॉवरशेलमध्ये गेट-नेटअॅडॅप्टरहार्डवेअरइन्फो चालवा. सेगमेंट, बस, डिव्हाइस, फंक्शन, नुमा नोड, लिंकचा वेग आणि रुंदी, सगळं एका ओळीत मिळतं.

---

तेरणाकाठ (धाराशिव)

बस क्रमांक कायमचे नसतात, हेही टिपणात हवंच. बऱ्याच मशीनवर फर्मवेअर ते सुरू होताना झाडावर खाली-वर फिरत वाटतं. मधल्या स्लॉटमध्ये स्वतःचा स्विच असलेलं कार्ड टाकलं की त्याच मुळाखालचे पुढचे क्रमांक सरकतात.

लिनक्समध्ये नेटवर्कचं नाव ईएनपी३एस० असं असेल तर त्यातला ३ हा बस क्रमांक आहे. क्रमांक सरकून ५ झाला की नाव ईएनपी५एस० होतं, जुनी सेटिंग लागू होत नाही आणि मशीन नेटवर्कवर येत नाही. नवं कार्ड टाकलं आणि जुनं बंद पडलं, असं वाटतं. नावात आकडा दशमान पद्धतीने येतो, एलएसपीसीआयमध्ये सोळामान (० ते ९ आणि ए ते एफ) पद्धतीने, हेही लक्षात असू द्या. एलएसपीसीआयमधली बस ८१ म्हणजे नावात १२९.

उपाय दोन. कार्ड बदलायच्या आधी प्रत्येक पोर्टचा मॅक पत्ता कागदावर लिहून ठेवा. आणि नेटप्लॅनमध्ये किंवा सिस्टमडीच्या लिंक फाईलमध्ये (लिनक्सच्या नेटवर्क सेटिंगच्या फाईली) नाव मॅकवरून बांधा.

याहून धोकादायक जागा व्हर्च्युअल मशीनची आहे. पासथ्रूमध्ये (होस्ट म्हणजे मूळ मशीनचं कार्ड थेट व्हीएमच्या, व्हर्च्युअल मशीनच्या, हाती देणं) कार्ड पत्त्याने लिहिलेलं असतं. पत्ता सरकला आणि त्या जागी होस्टचं रेड कार्ड आलं, तर व्हीएम सुरू करताच होस्टच्या खालून डिस्क निघून जाते. म्हणून हार्डवेअर बदलताना व्हीएमची आपोआप सुरुवात बंद ठेवा, झाड पुन्हा बघा, मगच चालू करा.

---

दुधनातीर (परभणी)

आता 'सेगमेंट'वर, कारण या शब्दाचे दोन अर्थ एकाच टिपणात आले तर घोळ होणार.

जुना अर्थ विजेचा, तो वर झाला. नवा अर्थ एसीपीआयमधला (फर्मवेअरने ऑपरेटिंग सिस्टिमला हार्डवेअर सांगायचं मानक), पूर्ण नाव सेगमेंट ग्रुप. बस क्रमांक ८ बिटचा, म्हणजे २५६च बस. मोठ्या मशीनला ते पुरत नाहीत, म्हणून त्यांच्या वर आणखी एक क्रमांक ठेवला. लिनक्स त्यालाच डोमेन म्हणतं. पत्त्यातले पहिले चार आकडे, ००००, तेच. विंडोज 'सेगमेंट' दाखवतं तेही हेच. बहुतेक मशीनवर तो शून्यच असतो.

दोन रूट बस एकाच डोमेनमध्ये असू शकतात. खामकाठ यांच्या झाडात ८० आणि ०० दोन्ही ००००मध्येच आहेत. म्हणजे डोमेन एक, पिअर दोन.

आणि १०००० असं पाच आकडी डोमेन दिसलं तर ती नवी बस सापडली असं लिहू नका. इंटेलचं व्हीएमडी बायोसमध्ये चालू असलं की लिनक्समध्ये त्याच्यामागचे एनव्हीएमई ड्राइव्ह अशा आभासी डोमेनमध्ये जातात. तारा त्याच, लेन त्याच. जुन्या इन्स्टॉलरला ड्राइव्ह दिसत नसेल तर आधी हे सेटिंग तपासा. पण चालू रेड व्हीएमडीवर असेल तर ते बंद करू नका, अॅरे (डिस्कचा गट) मोडलेला दिसेल.

---

गोदातीर (नांदेड)

दुसऱ्या घराण्यांतले शब्दही एका ओळीत द्या, जुन्या पुस्तिका हाती आल्या तर अडायला नको. आयबीएम पॉवरमध्ये पीएचबी, म्हणजे पीसीआय होस्ट ब्रिज. सनच्या स्पार्क मशीनमध्ये 'लीफ' ए आणि बी. एचपीच्या झेडएक्स१ चिपसेटमध्ये 'रोप', एका चिपला आठ, आणि प्रत्येक बसचा अॅडॅप्टर एक किंवा जास्त रोपवर. रोप जास्त तर बसला बँडविड्थ जास्त. तिन्ही ठिकाणी कल्पना पिअरचीच.

---

मांजराकाठ (लातूर)

टिपणात आता असं लिहितोय, चुकलं असेल तर सांगा.

रूट बस: स्वतःच्या होस्ट ब्रिजखालची बस. जुन्या पुस्तिकांत पिअर बस. ब्रिज्ड बस: ब्रिज किंवा स्विचच्या मागची, वरची वाट वाटून घेणारी. विद्युत सेगमेंट: एका घड्याळावरचे स्लॉट, फक्त पीसीआय आणि पीसीआय-एक्ससाठी. डोमेन: पत्त्याचा सर्वांत वरचा भाग. लिंक: पीसीआय एक्स्प्रेसची दोन टोकांमधली जोडणी. आणि 'वेगळी बस' हा शब्द एकटा कुठेच वापरायचा नाही.

खरेदीच्या मागणीपत्रात 'तीन स्वतंत्र बस' असं लिहायची पद्धत आहे, तिथे काय लिहावं? आणि एका कार्डाची लिंक एक्स८ऐवजी एक्स१ दाखवायलीय, ते स्लॉटमुळे की कार्डामुळे?

---

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

व्याख्या ठीक आहेत. ब्रिज्डच्या खाली 'रूट पोर्ट ब्रिज म्हणून दिसतो, पण लिंक वाटून घेत नाही' हे एक वाक्य टाका.

मागणीपत्रात बस शब्दच नको. असं लिहा: "किमान ३ स्लॉट, प्रत्येक आतून एक्स८ किंवा जास्त, तिसरी पिढी किंवा पुढची, प्रत्येक थेट प्रोसेसरला जोडलेला, मध्ये स्विच किंवा चिपसेट नसावा, दिलेल्या प्रोसेसर-संख्येत तिन्ही चालू असावेत." शेवटचा भाग गाळू नका, एका प्रोसेसरचं मशीन त्यातच पकडलं जातं. सोबत बोर्डाचा ब्लॉक डायग्राम मागा.

---

बालाघाट (बीड)

एक्स१चं असं तपासा. एलएसपीसीआय रूटच्या अधिकाराने चालवा, व्ही दोनदा, एस पुढे कार्डाचा पत्ता. साध्या वापरकर्त्याने चालवलं तर हा भाग दिसतच नाही. 'लिंककॅप'मध्ये कार्डाची क्षमता, 'लिंकस्टा'मध्ये आत्ताची स्थिती. वरच्या रूट पोर्टचंही लिंककॅप बघा. पोर्टच एक्स१ असेल तर विषय संपला, स्लॉटच तेवढा.

पोर्ट एक्स८, कार्ड एक्स८ आणि स्थिती एक्स१ असेल तर संपर्काचा दोष धरा. मशीन बंद करा, पॉवर केबल काढा, मनगटाचा पट्टा लावा. कार्डाची सोनेरी पट्टी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. खोडरबर घासू नका, वरचा मुलामा जातो आणि भुगा स्लॉटमध्ये पडतो. स्लॉट हवेने साफ करा. कार्ड सरळ दाबून बसवा आणि मागचा स्क्रू आवळल्यावर ते एका बाजूने उचललं जात नाही ना ते बघा. रायझर असेल तर तोही काढून बसवा. मग तेच कार्ड दुसऱ्या एक्स८ स्लॉटमध्ये. तिथेही एक्स१ आलं तर कार्ड, नाही आलं तर स्लॉट किंवा रायझर.

एक फरक लक्षात ठेवा. काम नसताना लिंकचा वेग २.५ जीटी/एसवर (पहिल्या पिढीच्या वेगावर) उतरलेला दिसणं बऱ्याच जीपीयूंमध्ये नेहमीचं आहे, भार दिला की चढतो. एक्स८चं एक्स१ होणं मात्र बहुतेक वेळा दोषच.

आणि उन्हाळ्यात सर्व्हरच्या खोलीत पाण्याचा कूलर लावत असाल तर तो बाहेर काढा. ओलावा आणि काळ्या मातीची बारीक धूळ मिळून स्लॉटमध्ये थर बसतो, आणि असे संपर्काचे दोष तिथूनच सुरू होतात.